वाडी कोणती?

आमच्या ह्यांना एखाद्या माणसाची खात्री पटवून घ्यायला तीन प्रश्न पुरायचे. पहिला, "कुठले तुम्ही?" दुसरा, "वाडी कोणती?" आणि समोरचा तोवर पळून गेला नसेल तर तिसरा, "आईचं माहेर कुठलं?" रत्नागिरीकडच्या माणसांना यात काही नवीन वाटणार नाही. पण हे प्रश्न रत्नागिरीपुरते ठेवावेत ना! भाईंदर पश्चिमेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये गुजराती, मारवाडी, उत्तरेकडचे, सगळे राहतात आणि सगळ्यांना हे विचारून झालं होतं. एकदा फ्रीज दुरुस्त करायला आलेला माणूस मागचं झाकण काढून आत डोकं घालून बसला होता. ह्यांनी मोढ्यावर बसून त्याला विचारलं, "तुम्हारे मम्मी का मायका किधर?" त्याच्या हातातला पानाच खाली पडला.

मी खेकसायचे. "त्याला काम करू द्या. सोयरीक जुळवायचीये का त्याच्याशी?"

त्यावर ह्यांचं उत्तर ठरलेलं. "अगं, घरात घेतोय माणूस. कोण, कुठला, कळायला नको?"

मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय व्यायामाने बराचसा परत आला, हात थोडा आला, शब्द मात्र आले नाहीत. समजायचं सगळं. टीव्हीवरच्या बातम्या समजायच्या, माझी कटकट समजायची, भाजीत मीठ कमी पडलं तेही समजायचं. बोलायला गेले की एकच शब्द निघायचा, "ते." मीठ हवं असलं की "ते", खिडकी लावायची असली की "ते", आणि मी भलतीच वस्तू हातात दिली की जोरात "ते!"

आयुष्यभर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात काढल्यामुळे ह्यांना मोठ्याने बोलायची सवय होती, त्यात संध्याकाळी भजनी मंडळात पुढे बसून गायचे. आमचं घर कधी शांत नव्हतंच. आता कुरियरवाला दारात आला तर हे खुर्चीतून त्याच्याकडे नुसते बघत राहायचे. तो सही घेऊन जायचा, त्याचं गाव त्याच्याबरोबर जायचं. मला त्या वेळी फार वाईट वाटायचं. पाय लुळा पडला तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं.

वाचा सुधारण्याचे धडे देणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्याकडे आम्ही आठवड्यातून एकदा रिक्षाने जात असू. त्या म्हणाल्या, "आठवड्यातून एकदा येऊन काही होणार नाही. रोज सराव पाहिजे." मग त्यांनी एका सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं. कॉम्प्युटरवर चित्र दिसतं, शब्द ऐकू येतो, तो पेशंटने म्हणायचा, जमला नाही तर कॉम्प्युटर न कंटाळता पुन्हा म्हणून दाखवतो. आणि सगळं मराठीत. "एका माणसाने एकट्याने बनवलंय," बाई म्हणाल्या. "इंटरनेटवरच्या त्याच्याच पानावरून उतरवून घ्या. तुमचा कॉम्प्युटर आधी नाही म्हणेल, कारण बनवणारा कुठल्या मोठ्या कंपनीकडे नोंदलेला नाही. अडलं तर हा त्याचा फोन."

न कंटाळता, हे ऐकून मी तिथेच ठरवलं की हे घ्यायचं. मी कंटाळत होते, हे खोटं कशाला सांगू?

पण आमच्या घरच्या कॉम्प्युटरचा एक प्रश्न होता. तो मुलीचा. लग्न होऊन ती गेली, कॉम्प्युटर हॉलमध्ये शोकेसच्या बाजूला राहिला. त्यात तिने वडिलांची भजनं साठवून ठेवली होती. मंडळात कोणी टाळ विसरलंय म्हणून हे मध्येच ओरडतायत, तेसुद्धा त्यात होतं. ह्यांचा आवाज म्हणून जगात आता तेवढाच उरला होता. नवा आवाज आणायच्या नादात जुना पुसला गेला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

मी पानावर जायच्या आतच माझे दीर हजर झाले. ते काशीगावला राहतात. बातमी लागताच त्यांनी गावच्या मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, कोणीतरी लगेच फाइल टाकली, भावोजींनी ती पेनड्राइव्हवर घेतली आणि स्कूटर काढली. माणूस प्रेमळ, यात शंका नाही. घाई मात्र त्यांच्या पाचवीला पुजलेली.

त्यांनी फाइल उघडायला घेतली तशी पडद्यावर पाटी आली. इंग्रजीत होती, पण अर्थ सरळ होता. हे कोणी बनवलंय याची खात्री करता येत नाही, म्हणून उघडत नाही.

"टेन्शन नको, वहिनी. हे सगळ्यांनाच येतं," भावोजी म्हणाले. "सेटिंगमध्ये जाऊन सिक्युरिटीच बंद करून टाकतो. म्हणजे परत विचारणारच नाय."

"परत म्हणजे कधीच?"

"कधीच!" ते खुशीत म्हणाले.

"म्हणजे उद्या चोर आला तरी विचारणार नाही."

"चोर कुठून येतोय? अहो, आपल्या मंडळाच्या ग्रुपवर आलंय हे. खालच्या वाडीतल्याने टाकलंय. दादा त्याच्या बापाला ओळखतो. काय दादा?"

ह्यांनी जोरजोरात मान हलवली. गाव कळलं, वाडी कळली, बाप कळला. ह्यांच्या हिशेबाने खात्री पूर्ण झाली होती.

आता माझं सांगते. मी निवृत्त होईपर्यंत औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोडाऊनमध्ये माल उतरवून घेण्याचं काम केलं. टेम्पोवाले रोजचेच. त्यांच्या पोरांची बारशी आम्ही जेवलोय. तरीसुद्धा खोक्यावरचा बॅच नंबर बिलावरच्या नंबराशी जुळला नाही, किंवा सील हललेलं दिसलं, की खोकं परत. टेम्पोवाला रुसायचा. रुसू दे. टेम्पोवाला चांगला असतो हो, पण औषध काही त्याने बनवलेलं नसतं.

"खालच्या वाडीतला तुमचा टेम्पोवाला झाला," मी म्हटलं. "त्याला हे कोणी दिलं? त्याच्या आधी कोणी? बनवणाऱ्याच्या हातून हे इथवर कसं आलं, ते सांगा, मग उघडते."

"काय वहिनी, गावच्या माणसावर विश्वास नाय?"

"माणसावर आहे. खोक्यावर नाही."

ह्यांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. "ते!" मग पडद्याकडे बोट. "ते! ते!"

मला समजलं. ह्यांना ते आजच हवं होतं. महिनोन्‌महिने तोंड मिटून बसलेला माणूस, समोर दार दिसतंय आणि बायको दारात आडवी उभी. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि माझ्याही. पण मी पेनड्राइव्ह काढून घेतला. भावोजी चहा न घेता गेले. हे भिंतीकडे तोंड करून बसले आणि संध्याकाळी जेवले नाहीत. माझ्यावर रागवायला त्यांच्याकडे एकच शब्द होता, तोही त्यांनी वापरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केर-भांडी उरकून मी पदर खोचून बसले. आधी मुलीला फोन करून विचारत विचारत सगळी भजनं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवली. दोन-तीन वाजवून बघितली, नीट वाजली. मग ती डिस्क कॉम्प्युटरपासून सोडवून कपाटात पैठणीच्या घडीत ठेवली. जोडलेली ठेवली तर घरात शिरलेला चोर तिलाही हात घालणार, हे मुलीने सांगितलं आणि मला ते लगेच पटलं. दागिने काही कोणी दाराच्या खिळ्याला टांगत नाही.

मग बाईंनी लिहून दिलेल्या पत्त्यावर, अक्षर न् अक्षर तपासून गेले आणि फाइल उतरवली. कॉम्प्युटरने तीच पाटी दाखवली. मी पाटी बंद केली आणि त्या माणसाला फोन लावला.

"नमस्कार. तुमचं सॉफ्टवेअर आमच्याकडे उघडत नाही, आणि उघडावं की नाही हे मला अजून ठरवायचंय."

तिकडून हसू ऐकू आलं. "विचारा ना, काकू."

"तुमची खात्री पटत नाही असं कॉम्प्युटर म्हणतोय. का पटत नाही?"

"ओळखपत्रासारखं असतं ते. दरवर्षी फी भरून, कागद देऊन कंपनीकडून घ्यावं लागतं. मी हे फुकट देतो, नोकरी सांभाळून करतो. नाही घेतलं ओळखपत्र. आईसाठी बनवलं होतं. तिचं बोलणं गेलं तेव्हा जे मिळालं ते सगळं इंग्रजीत. तिला काय कळणार?"

"हे कोणीही सांगेल. मी तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"नका ठेवू, काकू. तपासा."

हे उत्तर मला आवडलं. विश्वास ठेवा म्हणणारे टेम्पोवाले मी खूप पाहिले होते. तपासा म्हणणारे थोडे.

त्याने सांगितलं की प्रत्येक फाइलीची अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक माळ निघते. फाइलीत एक टिंब जरी कोणी बदललं तरी अख्खी माळ बदलते. म्हणजे आपला बॅच नंबरच की, फक्त खोडून नवा चिकटवता न येणारा. त्याने एक ओळ सांगितली, ती मी कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत टाइप केली आणि माळ बाहेर आली. मी वाचत गेले, तो तिकडून त्याच्याजवळच्या माळेशी ताडत गेला. मधलं एक अक्षर मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शेवटपर्यंत जुळली.

"ही माझीच," तो म्हणाला.

"थांबा. अजून एक आहे." मी भावोजींचा पेनड्राइव्ह लावला. फाइल उघडली नाही, नुसती तिची माळ काढली आणि वाचायला लागले. पहिल्या चार अक्षरांतच त्याने मला थांबवलं.

"ही माझी नाही." त्याचा आवाज बदलला होता. "नाव माझं आहे, पण आत कोणीतरी काहीतरी भरलंय. उघडू नका, काकू. ज्यांनी दिली त्यांनाही सांगा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं. भिंतीकडचं तोंड इकडे वळलं होतं.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते. त्या माणसाला तो कुठला, हे मी विचारलं नाही. जिभेवर आलं होतं, इतकी वर्षं ह्यांच्याबरोबर काढून सवय लागतेच. पण विचारलं नाही. माळ जुळली होती, मला तेवढं पुरे होतं.

भावोजींना लगेच फोन केला. "ती फाइल उघडू नका बरं का."

"वहिनी," भावोजी बारीक आवाजात म्हणाले, "मी कालच उघडली. घरी जाऊन, ग्रुपवरून परत उतरवून. बघायला, की तुम्ही एवढं का घाबरताय."

"सिक्युरिटी बंद करून?"

"बंद करून."

दुपारपर्यंत गावच्या मंडळाच्या ग्रुपवर भावोजींच्या नावाने घरबसल्या श्रीमंत होण्याचे निरोप पडायला लागले. एकापाठोपाठ एक. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, हे काय चालवलंयत? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दुरुस्तीवाल्याने भावोजींचा कॉम्प्युटर पार पुसून नव्याने लावून दिला, सगळे पासवर्ड बदलायला लावले, आणि भावोजींनी खालच्या वाडीतल्यालाही कळवलं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, त्याला ती फाइल फुकटच्या कुठल्यातरी पानावर मिळाली होती. दोन दिवसांनी भावोजी आमच्याकडे येऊन बसले. मी बोलले नाही असं नाही. बोलले. पण चहा देऊन बोलले.

ते गेल्यावर हे खुर्चीत हलले. तोंडावर हसू होतं, आजारानंतरचं पहिलंच. कॉम्प्युटरकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ते?" या वेळी सूर प्रश्नाचा होता, आणि त्यात माझी परवानगी मागितलेली होती. मला एकदम त्यांची दया आली आणि स्वतःचा अभिमानही वाटला, दोन्ही एकाच वेळी.

मुलीने सांगितलं तसं मी कॉम्प्युटरवर ह्यांच्यासाठी वेगळं खातं काढलं, साधं, ज्याला घरातल्या बाकीच्या सामानाला हात लावता येणार नाही असं. इंटरनेट बंद केलं. सेटिंगमध्ये जाऊन फक्त या एका सॉफ्टवेअरपुरतं "तरीही उघडा" दाबलं. पहारा होता तसाच राहिला, ओळख पटलेल्या एका माणसाला तेवढं आत घेतलं. आत आल्यावर त्याने मायक्रोफोन वापरू का म्हणून विचारलं. बरोबर आहे, ऐकल्याशिवाय शिकवणार कसा? हो म्हटलं. फोटो किंवा फोननंबर मागितले असते तर बाहेर काढला असता. नाही मागितले.

पडद्यावर सफरचंद आलं. "सफरचंद," कॉम्प्युटर म्हणाला. ह्यांनी तोंड वाकडं केलं. ह्यांना सफरचंद कधीच आवडलं नाही, आजारी माणसाचं फळ म्हणतात. दुसऱ्या दिवशीही सफरचंद, तिसऱ्या दिवशीही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मग मी त्या माणसाला पुन्हा फोन केला, तेव्हा कळलं की आपले फोटो आणि आपला आवाज घालता येतो. मी कोकमं ताटलीत पसरून फोटो काढला. घावनं काढली आणि खायच्या आधी फोटो काढला. समुद्रकाठच्या पालीहून मासळी घेऊन येणाऱ्या बाईंच्या टोपलीतल्या मांदेलीचा फोटो काढायला गेले तर त्यांनी पदर नीट केला.

"भाव अजून बोलत न्हाय?" त्यांनी विचारलं. भाव म्हणजे भाऊ, आमचे हे. पूर्वी हेच त्यांना दारात अर्धा तास उभं करायचे.

"बोलतील."

"बोलल, बोलल. मांदेली हाय ना फोटूत, मंग बोलल."

आणि खरंच, "पाणी"च्या आधी मांदेली आली. आधी नुसतं "मां", मग "मांदे", आणि एका सकाळी पूर्ण. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारीण "क्या हुआ, भाभी?" म्हणत धावत आली. त्यानंतर शब्द येत गेले. कोकम, घावन, चष्मा, टाळ. मध्ये त्या माणसाने सॉफ्टवेअर सुधारून नवं पाठवलं, तेव्हा मी पुन्हा माळ ताडून बघितली. ओळखीचा झाला म्हणून काय झालं? गोडाऊनमध्येही जुन्या कंपनीच्या नव्या खोक्याला आम्ही सूट देत नसू.

पण एक खोट राहिली. शब्द यायचे ते पडद्यासमोर. चित्र दिसलं की शब्द, चित्र गेलं की शब्द गेला. दारात कोणी आलं की हे पूर्वीसारखेच गप्प. धडे देणाऱ्या बाई म्हणाल्या, वस्तूंची नावं वेगळी आणि माणसाशी बोलणं वेगळं, धीर धरा. धीर मी धरला होताच. पण मनात यायचं, मांदेलीचं नाव घेणारा नवरा मला मिळाला खरा, माझा जुना नवरा कुठे आहे?

परवा सकाळी त्या माणसाचाच फोन आला. नवा भाग कसा चालतोय, विचारायला. मी फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला आणि तक्रारी सांगायला लागले. अक्षरं अजून मोठी हवीत, आणि ते सफरचंद काढून टाका. तो "लिहून घेतो, काकू" म्हणत होता. हे शेजारी कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडदा बंद होता.

ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, गप्प बस असा. मग फोनकडे वाकले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"कुठ... कुठले... तुम्ही?"

त्या बिचाऱ्याला काय माहीत, आत्ता इथे काय झालं ते? तो आपला सहज म्हणाला, "मी परभणीकडचा, काका."

ह्यांच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं, संपलं, एवढंच होतं. पण ती आठी मी ओळखीत होते. उत्तर अपुरं वाटलं की पडायची, ती. त्यांनी डाव्या मुठीने टेबलाची कड धरली.

"वा... वाडी?"

"वाडी नसते हो आमच्याकडे, काका," तो हसत म्हणाला. "गल्ली असते. वेशीजवळची गल्ली, मारुतीच्या देवळामागची."

ह्यांनी मान डोलावली. पटलं होतं. कपाळावर घाम आला होता आणि ते दमून खुर्चीत मागे टेकले.

या प्रश्नांवर आयुष्यभर खेकसत आलेल्या मी तो फोन उचलला, पार त्यांच्या तोंडाशी नेला आणि म्हटलं, "थांबलात कशाला? आईचं माहेर विचारायचं राहिलंय."